मोडतोडीतून वाऱ्याचा वेग: टोर्नेडो समजून घेण्याची वाट

"टोर्नेडोत ताशी २७० किमी वेगाचे वारे" अशी ओळ बातमीत वाचली की आपण गृहीत धरतो, तिथे कुठेतरी वारा मोजायचं यंत्र असणार आणि त्यावर हा आकडा उमटला असणार. बहुतेक वेळा असं यंत्र तिथे नसतंच. असलं तर बरेचदा तेच आधी मोडतं. हा आकडा दुसऱ्या दिवशी काढलेला असतो. हवामान खात्याची दोन-चार माणसं उडालेली छपरं, पडक्या भिंती, सोललेली झाडं बघत त्या पट्ट्यातून चालत जातात आणि 'एवढं मोडायला किती वारा लागला असेल' याचा उलटा हिशोब मांडतात. थोडक्यात, टोर्नेडोची ताकद सहसा मोजली जात नाही, ताडली जाते.

हा विषय नव्याने हाती घेणारे बरेच जण थेट श्रेणीच्या, म्हणजे टोर्नेडोची ताकद सांगणाऱ्या ० ते ५ या पायऱ्यांच्या, आकड्यांवर उडी मारतात आणि तिथेच गोंधळतात. म्हणून आधी टोर्नेडो घडतो कसा ते बघू, मग श्रेणीकडे वळू.

पायरी १: नावांचा घोळ आधी मिटवा

मराठीत चक्रीवादळ हा शब्द समुद्रावरून येणाऱ्या मोठ्या वादळासाठी रूढ आहे. ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, अनेक दिवस जगतं आणि समुद्राच्या उबदार पाण्यावर पोसलं जातं. टोर्नेडो एका गडगडाटी ढगाला लोंबकळलेला असतो. त्याची रुंदी सहसा पन्नास ते काही शे मीटर आणि आयुष्य बहुतेक वेळा दहा मिनिटांपेक्षा कमी. दोन्ही गरगरतात, पण साम्य जवळपास तिथेच संपतं. (चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं की त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये छोटे टोर्नेडो तयार होऊ शकतात, ती गोष्ट वेगळी.)

उन्हाच्या वेळी मोकळ्या मैदानात धूळ-पाचोळा घेऊन फिरते ती वावटळ. ती तापलेल्या जमिनीतून वर उठते, तिच्या डोक्यावर ढग नसतो. टोर्नेडोला ढग हवाच. जमिनीला टेकलेला, वरच्या ढगाशी जोडलेला आणि जोरात फिरणारा हवेचा स्तंभ म्हणजे टोर्नेडो. यातला एकही शब्द गाळू नका.

आणि एक बारकावा, जो नवख्यांना हमखास चकवतो. फोटोत दिसणारं नरसाळं म्हणजे टोर्नेडो नव्हे. ते नुसतं बाष्प आहे. फिरत्या स्तंभाच्या आत हवेचा दाब उतरतो, हवा प्रसरण पावून गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात, म्हणून तो भाग आपल्याला दिसतो. हवा कोरडी असेल तर नरसाळं अर्ध्यावरच लटकत राहतं आणि खाली जमिनीवर मात्र धूळ गरगरत असते, पत्रे उडत असतात. नरसाळं टेकलं नाही म्हणून टोर्नेडो नाही, असा निष्कर्ष काढणं जिवावर बेतू शकतं.

पायरी २: चार गोष्टी एकत्र येतात का ते बघा

ओलावा, अस्थिरता, उचल आणि उंचीनुसार बदलणारा वारा. अंदाज वर्तवणारे याच चार गोष्टी शोधत असतात.

ओलावा जमिनीलगतच्या थरात हवा. अस्थिरता म्हणजे खाली उबदार-दमट आणि वर थंड-कोरडी हवा अशी मांडणी. खालची हवा एकदा वर ढकलली गेली की ती भोवतालच्या हवेपेक्षा हलकी ठरते आणि आपोआप वर धावत सुटते. तिला पहिला धक्का देणारं काहीतरी लागतं: थंड हवेची आघाडी, दमट आणि कोरड्या हवेमधली सीमारेषा, डोंगराचा उतार. ही झाली उचल. चौथी गोष्ट विंड शिअर, म्हणजे जमिनीपासून वर जाताना वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत जाणं. पहिल्या तीन गोष्टींनी साधं गडगडाटी वादळ होतं. ते तासाभरात आपल्याच पावसाखाली गुदमरून विझतं. चौथी गोष्ट मिळाली की वादळाचा वर जाणारा प्रवाह आणि पाऊस पाडणारा खाली येणारा प्रवाह एकमेकांपासून दूर राहतात, आणि वादळ कित्येक तास टिकतं.

अमेरिकेत वर्षाला हजार-बाराशे टोर्नेडो होतात, त्यातले बरेचसे मधल्या सपाट प्रदेशात. असं का, याचं उत्तर भूगोलात आहे. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात, तिथून जमिनीलगत दमट हवा येते. पश्चिमेला रॉकी पर्वत, त्यावरून कोरडी हवा वरच्या थरात सरकते. वसंतात या सगळ्याच्या डोक्यावरून वेगवान पश्चिमी वारे वाहत असतात. मधल्या उंचीवर बरेचदा उबदार हवेचा एक थर झाकणासारखा बसतो. तो दुपारपर्यंत ढगांना वाढू देत नाही, आणि खाली उष्णता साठत राहते. दुपार कलताना झाकण एखाद-दुसऱ्या जागी फुटतं, आणि तिथून जो ढग उसळतो तो तासाभराच्या आत दहा-पंधरा किलोमीटर उंची गाठतो.

'उष्ण आणि थंड हवेची टक्कर झाली की टोर्नेडो होतो' हे शाळेपासून ऐकलेलं वाक्य मला अपुरं वाटतं. अशा टकरी जगभर रोज होतात. शिअर नसेल तर त्यातून पाऊस पडतो, फार तर गारा पडतात.

या चार गोष्टींची मांडणी आधीच ओळखता येते हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं ते १९४८ मध्ये. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या टिंकर हवाई तळावर २० मार्चला टोर्नेडो आला आणि विमानांचा चुराडा करून गेला. तळावरचे हवामान अधिकारी अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर यांनी त्या दिवसाचे नकाशे आणि जुन्या नोंदी पालथ्या घातल्या. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर जवळजवळ तेच चित्र उमटलं. दोघांनी धीर करून इशारा दिला आणि संध्याकाळी त्याच तळावर पुन्हा टोर्नेडो आला. घबराट पसरेल या भीतीने त्या काळी अमेरिकेच्या नागरी हवामान खात्याच्या अंदाजांत टोर्नेडो हा शब्द वापरणंही टाळलं जाई.

पायरी ३: पेन्सिल हातात घ्या

गरगर कुठून येते, हे नुसतं वाचून कळत नाही. दोन्ही तळवे आडवे, एकावर एक धरा आणि मधे पेन्सिल ठेवा. खालचा तळवा स्थिर ठेवून वरचा पुढे सरकवा. पेन्सिल आडवी लोळायला लागते. खालचा तळवा म्हणजे जमिनीजवळचा मंद वारा आणि वरचा म्हणजे उंचावरचा वेगवान वारा. शिअर असलेल्या हवेत अशीच आडवी, न दिसणारी लाट गुंडाळी घेत असते.

आता वर उसळणारा प्रवाह या आडव्या गुंडाळीच्या खाली शिरला, अशी कल्पना करा. तो तिला मधोमध उचलतो. पेन्सिल उभी होते आणि आडवी गरगर उभी होते. जमिनीलगतचा वारा आणि वरचा वारा यांच्या दिशाही वेगळ्या असतील तर ही गरगर नेमकी वर जाणाऱ्या प्रवाहाच्या पोटात येऊन बसते, आणि अख्खा प्रवाहच फिरू लागतो. अशा फिरत्या प्रवाहाच्या वादळाला सुपरसेल म्हणतात आणि त्या फिरत्या गाभ्याला मेसोसायक्लोन. गाभ्याचा व्यास काही किलोमीटर असतो. सगळ्यात जबर टोर्नेडो बहुतेक करून सुपरसेलमधूनच येतात.

मग आकुंचन. गिरकी घेणारी नर्तकी पसरलेले हात अंगाशी घेते तेव्हा तिचा वेग वाढतो, तोच नियम इथे लागू होतो. वरचा प्रवाह फिरत्या हवेला ताणून लांब करतो, ती बारीक होते, आणि बारीक होईल तशी जोरात फिरते. काही किलोमीटर रुंदीची सुस्त गरगर शंभर मीटरवर आली, की तिचा वेग किती वाढत असेल याचा अंदाज करा.

दिशेबद्दलही सांगून टाकतो, कारण हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. उत्तर गोलार्धात बहुतेक टोर्नेडो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. पृथ्वीच्या परिवलनाचा टोर्नेडोवर थेट परिणाम नगण्य असतो, कारण टोर्नेडो फारच लहान आणि अल्पजीवी आहे. परिवलनामुळे मोठ्या प्रमाणावरचे वारे उंचीनुसार कसे वळतात ते ठरतं, आणि ते वळण टोर्नेडोची दिशा ठरवतं. थोडे टोर्नेडो काट्यांच्या दिशेनेही फिरतात.

पायरी ४: गरगर जमिनीपर्यंत कशी येते

ही पायरी अवघड आहे. दोनदा वाचावी लागली तर वाचा.

पेन्सिलच्या प्रयोगात एक खोट आहे. वर जाणारा प्रवाह आडव्या गुंडाळीला उचलतो तेव्हा ती उभी होते खरी, पण उभी होता होता वरही जाते. म्हणजे गरगर मिळते ती हवेत, दोन-तीन किलोमीटरवर. जमिनीलगत काहीच नाही. आणि सुपरसेलपैकी बरेचसे इथेच थांबतात. पाचातल्या एखाद्यातूनच टोर्नेडो बाहेर पडतो.

जमिनीलगत गरगर आणायला खाली येणारा प्रवाह लागतो. वादळाच्या मागच्या बाजूने पाऊस आणि गारांनी गार झालेली हवा खाली उतरते, जमिनीवर पसरते आणि मेसोसायक्लोनच्या भोवती गुंडाळली जाते. उतरताना आणि पसरताना तिच्यात स्वतःची गरगर तयार होते, आणि ती वर जाणाऱ्या प्रवाहाच्या बुडाशी पोचते. आता सगळं या हवेच्या तापमानावर येतं. ती फार थंड असेल तर जड होते, जमिनीला चिकटून बसते आणि वरचा प्रवाह तिला उचलू शकत नाही. थोडीशीच गार असेल तर उचलली जाते, ताणली जाते आणि टोर्नेडो होतो. म्हणून ढगाचं बूड खाली असलेले, जमिनीलगत भरपूर दमटपणा असलेले दिवस जास्त धोक्याचे. अशा हवेत पावसाचे थेंब कमी सुकतात, त्यामुळे हवा कमी गारठते.

हे सगळं अभ्यासकांना खुर्चीत बसून कळलेलं नाही. १९९४-९५ मध्ये व्होर्टेक्स आणि २००९-१० मध्ये व्होर्टेक्स-२ या मोहिमांत उपकरणं बसवलेल्या गाड्यांचे ताफे वादळांभोवती फिरले. तरीही शेजारी शेजारी उभ्या दोन सुपरसेलपैकी कोणता टोर्नेडो सोडेल, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

सुपरसेलशिवायही टोर्नेडो होतात. जमिनीवर आधीच असलेली छोटी गरगर वाढत्या ढगाखाली सापडते आणि ताणली जाते. त्यांना लँडस्पाउट म्हणतात, पाण्यावर असले तर जलस्तंभ. ते सहसा कमजोर असतात, म्हणून पुढे जाऊ.

पायरी ५: ढग, रडार आणि इशारा

सुपरसेलच्या पाऊस नसलेल्या बाजूला ढगाच्या बुडातून एक तुकडा भिंतीसारखा खाली उतरलेला दिसतो. त्याला वॉल क्लाउड म्हणतात. तो नुसता लोंबत असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण तो स्वतःभोवती फिरत असेल, आणि तेही टिकून, तर पुढच्या काही मिनिटांत काहीही होऊ शकतं.

डॉपलर रडार थेंबांवरून परतणाऱ्या लहरींवरून थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत हे सांगतं. पडद्यावर जवळ येणारे हिरव्यात आणि दूर जाणारे लाल रंगात दाखवण्याची रीत आहे. गडद हिरवा आणि गडद लाल ठिपका एकमेकांना खेटून दिसले, म्हणजे तिथे हवा फिरते आहे. १९७३ मध्ये ओक्लाहोमातल्या युनियन सिटीच्या टोर्नेडोत ही खूण पहिल्यांदा नीट ओळखली गेली. आता दुहेरी ध्रुवीकरणाची, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारी, रडार थेंब आणि कचरा यांतला फरकही ओळखतात. फिरत्या जागेवर पत्रे-फांद्या उडताना दिसल्या, की टोर्नेडो जमिनीवर आहे हे अंधारातही कळतं.

मग रडारनेच वेग का मोजत नाहीत? कारण रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वाकते. शंभर किलोमीटरवर सगळ्यात खालचा झोतही जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर वर असतो. घरं मात्र जमिनीवर असतात. शिवाय इतक्या अंतरावर झोत दीड-पावणेदोन किलोमीटर रुंद होतो, आणि शंभर मीटरचा टोर्नेडो त्यात विरघळून जातो. ट्रकवर बसवलेली फिरती रडार जवळ जाऊन मोजतात, पण त्यांच्या पुढ्यात येणारे टोर्नेडो मोजकेच.

इशाऱ्याचे दोन शब्द अमेरिकेत कानावर पडतात. 'वॉच' म्हणजे पुढच्या काही तासांत या टापूत टोर्नेडो होण्याजोगी हवा आहे. 'वॉर्निंग' म्हणजे रडारवर किंवा डोळ्यांनी दिसला आहे, आत्ता हला. वॉर्निंग आणि टोर्नेडो यांच्यामधे सरासरी दहा मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो, कधी काहीच मिळत नाही. तळघर असेल तर तळघर, नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावरची, घराच्या मध्याजवळची, खिडकी नसलेली छोटी खोली गाठायची, आणि डोक्याला हेल्मेट, उशी, गादी काहीही. माणसं बहुतेक करून उडत्या वस्तूंनी मरतात. चाकांवरची किंवा तात्पुरती घरं सोडून द्यायची. 'दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडा' हा सल्ला जुना आणि चुकीचा आहे. घर आतून फुटत नाही, वारा आत घुसून छप्पर उचलतो, आणि उघडी खिडकी त्याला मदतच करते. रस्त्यावरच्या पुलाखाली लपणं त्याहून वाईट. तिथे वारा अरुंद जागेतून जाताना आणखी जोर धरतो, आणि ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टोर्नेडोत पुलाखाली आसरा घेतलेली माणसं दगावली.

पायरी ६: श्रेणी कुठून आली

तेत्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ. ऑगस्ट १९४५ मध्ये ते कोकुरा शहरात होते. दुसऱ्या अणुबॉम्बचं पहिलं लक्ष्य कोकुराच होतं. तिथे खालचं काही दिसेना म्हणून विमान नागासाकीला वळलं. काही आठवड्यांनी फुजिता नागासाकीत आणि हिरोशिमात पडक्या खुणा तपासत फिरले. स्फोट किती उंचीवर झाला हे ते जळक्या आणि पडलेल्या वस्तूंच्या दिशांवरून काढत होते. मोडतोडीतून कारणाकडे उलटं जाण्याची ही सवय त्यांनी पुढे शिकागो विद्यापीठात टोर्नेडोला लावली.

१९७१ मध्ये त्यांनी एफ ० ते एफ ५ अशी श्रेणी मांडली. तिची बांधणी गमतीशीर आहे. समुद्रावरच्या वाऱ्यासाठी बोफोर्ट श्रेणी होती, तिची बारावी पायरी म्हणजे एफ १. दुसऱ्या टोकाला ध्वनीचा वेग म्हणजे एफ १२. मधली जागा त्यांनी वाटून घेतली. प्रत्यक्षात टोर्नेडो एफ ५ च्या पुढे जात नाहीत असं त्यांनी मानलं. कोणत्या पायरीवर घराचं काय होतं याची वर्णनं त्यांनी दिली, पण त्या पायऱ्यांना जोडलेले वेग हे अनुभवी माणसाचे अंदाज होते. पुढे टेक्सास टेक विद्यापीठातल्या अभियंत्यांनी दाखवून दिलं, की वरच्या पायऱ्यांचे वेग फुगलेले आहेत. एफ ५ ची सुरुवात ताशी ४२० किमीला धरली होती, पण घर जमीनदोस्त व्हायला तेवढा वारा लागत नाही.

त्यातून सुधारित फुजिता, म्हणजे ईएफ श्रेणी आली. अमेरिकेत ती १ फेब्रुवारी २००७ पासून लागू झाली. वेग वाऱ्याच्या तीन सेकंदांच्या झोताचे, ताशी किलोमीटरमध्ये:

ईएफ ०: १०५ ते १३७
ईएफ १: १३८ ते १७७
ईएफ २: १७८ ते २१७
ईएफ ३: २१८ ते २६६
ईएफ ४: २६७ ते ३२२
ईएफ ५: ३२२ च्या वर

हे पाठ करू नका. एवढं ध्यानात ठेवा, की वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. त्यामुळे शेवटच्या पायऱ्या आकड्यांत दिसतात त्याहून कितीतरी उंच आहेत. बहुसंख्य टोर्नेडो ईएफ ० किंवा १ चे असतात. ईएफ ४ आणि ५ मिळून शंभरात जेमतेम एखादा.

पायरी ७: स्वतः श्रेणी लावून बघा

समजा, तुम्ही पाहणी पथकात आहात. पहिला प्रश्न: हा टोर्नेडो होता की नुसता सोसाट्याचा वारा? वरून बघा. पडलेली झाडं एका रेषेकडे तोंड करून, मधे येऊन मिळाल्यासारखी पडली असतील तर टोर्नेडो. एका बिंदूपासून बाहेर पसरल्यासारखी, चांदणीच्या किरणांसारखी पडली असतील तर ढगातून आदळलेला खालचा झोत, डाउनबर्स्ट. फुजितांनी १९७४ च्या एप्रिलमधल्या टोर्नेडोंच्या मोठ्या उद्रेकानंतर विमानातून पाहणी करताना असे चांदणीसारखे आकार पाहिले, आणि नागासाकीतल्या खुणा त्यांना आठवल्या. डाउनबर्स्टची कल्पना त्यातून पुढे आली आणि विमान अपघातांच्या तपासात कामी आली.

दुसरा प्रश्न: काय मोडलं? ईएफ श्रेणीत २८ निर्देशक आहेत. छोटं गोदाम, एक-दोन कुटुंबांचं घर, शाळा, विजेचे खांब, रुंद पानांची झाडं, सूचिपर्णी झाडं वगैरे. आपण घर घेऊ.

तिसरा प्रश्न: किती मोडलं? घराच्या निर्देशकाला दहा पायऱ्या आहेत. छपरावरचं आच्छादन पाचव्या हिश्शापेक्षा कमी उडालं तर दुसरी. छपराचा मोठा भाग गेला पण बहुतेक भिंती उभ्या, तर सहावी. सगळ्या भिंती पडल्या तर नववी. पक्कं बांधलेलं घर जाऊन पायाची फरशी झाडून काढल्यासारखी उरली, तर दहावी.

चौथा: प्रत्येक पायरीला तीन वेग दिलेले आहेत, अपेक्षित, किमान आणि कमाल. सहाव्या पायरीला अपेक्षित वेग ताशी साधारण १९६ किमी, किमान १६७, कमाल २२९. बांधकाम नेहमीसारखं असेल तर अपेक्षित वेग घ्यायचा, म्हणजे ईएफ २. छत भिंतींना नुसत्या खिळ्यांनी ठोकलं होतं, खिळेही कमी, तर वेग खाली आणायचा आणि श्रेणी ईएफ १ वर येते. छताला धातूच्या पट्ट्या होत्या, तर वर न्यायचा. पाहणी करणारे पडक्या घराच्या पायाशी वाकून बोल्ट मोजताना दिसतात ते याच्याचसाठी. भिंत काँक्रीटला अँकर बोल्टने जखडली होती का, बोल्टला नट होते का, वायसर होते का, यावर एका श्रेणीचा फरक पडतो.

आता एक हिशोब करा. दहाव्या पायरीचा अपेक्षित वेग ताशी ३२२ किमी. श्रेणीच्या तक्त्यात हा आकडा ईएफ ४ च्या वरच्या टोकाला येतो. म्हणजे चांगलं बांधलेलं घर पायापासून पुसलं गेलं तरी उत्तर ईएफ ४ येतं. ईएफ ५ द्यायचं तर ते घर नेहमीच्यापेक्षा मजबूत होतं हे दाखवावं लागतं. अशी घरं कमी, आणि त्यातली नेमकी टोर्नेडोच्या वाटेत येणारी त्याहून कमी. ईएफ ५ दुर्मिळ असण्यात निसर्गाचा वाटा आहे, पण या तक्त्याचाही आहे. माझ्या मते श्रेणीबद्दल समजून घ्यायची ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

शेवटी, वाटेतल्या सगळ्या ठिकाणांची नोंद झाली की सर्वांत वरची श्रेणी अख्ख्या टोर्नेडोला मिळते. एकाच घराने ईएफ ४ दाखवलं आणि उरलेल्या वीस किलोमीटरमध्ये ईएफ १ असलं, तरी बातमीत येतं ईएफ ४.

पायरी ८: श्रेणी कुठे फसवते ते ओळखा

३१ मे २०१३, ओक्लाहोमातलं एल रिनो. ४ किलोमीटरपेक्षा जास्त रुंद टोर्नेडो, नोंदीतला सर्वांत रुंद. फिरत्या रडारने त्यात ताशी ४८० किमीच्या आसपासचे वारे टिपले. वर्षानुवर्षं टोर्नेडोच्या वाटेत उपकरणं ठेवणारे टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा त्यातच मृत्यू झाला. त्याची अधिकृत श्रेणी ईएफ ३. कारण तो बहुतेक मोकळ्या शेतांतून गेला, आणि वाटेतल्या बांधकामांनी ईएफ ३ पेक्षा जास्तीची साक्ष दिली नाही. जिथे मोडायला काहीच नव्हतं अशा टोर्नेडोला अमेरिकेत 'ईएफ यू', म्हणजे श्रेणी अज्ञात, असं नोंदवतात.

मृतांच्या संख्येवरून ताकद ठरवणं तर आणखी धोक्याचं. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसं गेली. जगात ज्ञात असलेला हा सर्वांत प्राणघातक टोर्नेडो. दाट वस्ती, हलक्या बांधणीची घरं आणि इशारा नाही, हे सगळं त्या आकड्यात आहे. १८ मार्च १९२५ चा अमेरिकेतला ट्राय-स्टेट टोर्नेडो मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर धावला, ६९५ जण दगावले. त्यातही इशाऱ्याचा अभाव होताच.

अमेरिकी लाकडी घरांवर बेतलेली पट्टी दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही. जपानने २०१६ पासून स्वतःची श्रेणी वापरायला घेतली, तिच्या निर्देशकांत पेयं विकणारी यंत्रं आणि कबरींवरचे दगडही आहेत. ब्रिटनमध्ये टी अक्षराची टोरो श्रेणी आहे. युरोपातल्या वादळ-अभ्यासकांनी २०२३ मध्ये कुठल्याही देशात लावता येईल अशी आंतरराष्ट्रीय फुजिता श्रेणी प्रसिद्ध केली. बातमीत आकड्याआधीचं अक्षर म्हणून बघायचं. टी ५ आणि ईएफ ५ यांत फार अंतर आहे.

आणि यादीत नसलेली वस्तू मोडली तर? मे २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या मूर शहरावर आलेल्या टोर्नेडोला ईएफ ५ मिळाल्यावर बारा वर्षं एकाही टोर्नेडोला ती श्रेणी मिळाली नव्हती. २० जून २०२५ ला नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळ टोर्नेडोने मालगाडी रुळांवरून पाडली आणि टाकीची एक रिकामी वाघीण सुमारे १४५ मीटर दूर फेकली. २८ निर्देशकांत मालगाडीचा डबा नाही. अभियंत्यांनी डब्यांची वजनं, आकार आणि फेकलं गेलेलं अंतर घेऊन तो वारा किती असावा याचा हिशोब केला. उत्तर ताशी ३३५ किमीच्या वर आलं, आणि ऑक्टोबरमध्ये, टोर्नेडो होऊन गेल्यावर साडेतीन महिन्यांनी, त्याची श्रेणी ईएफ ५ करण्यात आली.